तांदळाच्या डब्यातला कॅमेरा

पोलिसाच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, आणि लोक आठवणी विचारतात तेव्हा त्यांना तेच ऐकायचं असतं. मला मात्र एक कॅमेरा आठवतो. कलम साधं चोरीचं. निवृत्त होऊन घरी बसलो तरी ही केस डोक्यातून जात नाही, आणि खरं सांगायचं तर आता तिचा कंटाळाही आला आहे. एकदा लिहून टाकतो.

पोलादपूर भागातली ती माझी शेवटची नेमणूक. तरुणपणी उपनिरीक्षक म्हणून मी तिथेच होतो, त्यामुळे फिर्याद घेऊन आलेला म्हातारा ओळखीचा निघाला. नाव सांगत नाही. सगळा बाजार त्यांना फोटोवाले म्हणायचा, मीही तेच म्हणतो. लग्नं, बारशी, शाळेचे ग्रुप फोटो यांवर त्यांचं घर चालायचं. शिवाय आमचं काम असायचं. घाटात गाडी कोसळली, नदीकाठी बेवारस प्रेत सापडलं, कुणी गळफास घेतला, की पंचनाम्याला फोटो लागायचे आणि आमचा हवालदार त्यांच्या दारात उभा. जेवत असले तरी ताट सारून उठायचे. पुढे खिशाखिशात मोबाइल आले आणि ते काम बंद झालं.

"साहेब, माझा रीलचा कॅमेरा चोरीला गेला," ते म्हणाले.

"काका, असला कॅमेरा आता भंगारवाला तरी घेईल का?"

म्हातारा भडकलाच. "भंगार? मुंबई-पुण्याची पोरं शोधत येतात असले कॅमेरे! परत रील घालून फोटो काढायला लागलो होतो मी. हात थरथरतो, पण शटर दाबताना नाय थरथरत. तेवढंच उरलंय माझं." बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. ठाणे अंमलदाराला मी फिर्याद लिहून घ्यायला सांगितलं.

खबर मिळायला वेळ लागला नाही. स्टँडजवळचा एक पानवाला आमचा खबऱ्या होता. तो म्हणाला, "साहेब, नाते गावचा एक पोरगा मोटरसायकलवर फिरतोय. पार कुडपणपर्यंत जाऊन इचारतोय, जुना कॅमेरा हाय का घरात म्हणून."

पोरगा म्हणजे पंचविशी ओलांडलेला, महाडच्या एमआयडीसीत कामाला. त्याला बोलावलं तर कॅमेरा पिशवीत घालून स्वतःच घेऊन आला.

"काकूंनी दिला, साहेब. काका घरी नव्हते. मी पैसे देत होतो, त्यांनी घेतले नाहीत."

हवालदार हसला. चोरीचा माल कुणीतरी दिलेलाच असतो, कधी मावशीने, कधी रस्त्यात भेटलेल्या माणसाने. ठाण्यात रोज तेच ऐकून आमचे कान किटलेले. तरी मी हवालदाराला फोटोवाल्यांच्या घरी पाठवलं. तो परत आला आणि म्हणाला, "काकू नाय म्हणतात. नवऱ्यासमोर विचारलं. 'मी नाय बा दिला,' एवढंच बोलल्या आणि आत गेल्या."

ते ऐकून पोराचा चेहरा पांढरा पडला. कंपनीत तो कायम व्हायचा होता आणि त्यासाठी चारित्र्याचा दाखला हवा होता. चोरीचा गुन्हा नावावर लागला की दाखला गेला आणि नोकरीही गेली. "साहेब, माझ्या आईची शपथ," असं तो सारखं म्हणत राहिला. शपथांवर आमचा विश्वास कधीच उडालेला असतो. दिवसभर तो बाकावर बसून होता. हवालदाराने चहा दिला, तो तसाच गार झाला.

संध्याकाळी त्याने विचारलं, "साहेब, काकांचा लाइट मीटर पण गेला काय?"

"म्हणजे काय?"

"उजेड मोजायचं यंत्र. हाताएवढं असतं, काटा हलतो, पुढे पांढरी अर्धी वाटी. जुन्या कॅमेऱ्याला स्वतःला उजेड कळत नाही ना. मी काकूंकडे मागितला होता. त्या म्हणाल्या, ते राहू दे."

फिर्यादीत मीटरचं नाव नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी स्वतः घटनास्थळाच्या पंचनाम्याला गेलो.

"कॅमेरा कुठे ठेवायचात, काका?"

"तांदळाच्या डब्यात."

मी बघतच राहिलो. ते म्हणाले, "आपल्याकडची हवा कसली दमट! कपाटात ठेवला की भिंगाला बुरशी धरते. तांदूळ ओल ओढून घेतो. वापरात असला की पहिल्यापासून तिथंच ठेवतो."

"आणि मीटर?"

त्यांनी डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि फडक्यात गुंडाळलेला मीटर बाहेर काढला. मी कपाळावर हात मारला. गावोगाव असल्या वस्तू धुंडाळणारा माणूस कॅमेरा चोरेल आणि त्याच डब्यातला मीटर सोडून जाईल? शिवाय तांदळात कॅमेरा आहे हे बाहेरच्याला कळणार कसं? त्या डब्यात रोज हात घालणारं माणूस घरात एकच होतं.

फोटोवाल्यांना हवालदाराबरोबर अंगणात पाठवलं आणि मी स्वयंपाकघरात काकूंसमोर बसलो. मी विचारायच्या आत त्याच बोलल्या.

"तुमीच बोलवायचात ना त्यांना? घाटात गाडी पडली की तुमचा मानूस दारात. चिरडलेली, फुगलेली, लटकलेली, सगळ्यांचं फोटू काढून यायचे. स्वता अंघोळ करायचे आन् कॅमेरा माझ्या तांदळात! लगीन झाल्यापासून मी त्याच डब्यातला भात रांधते, साहेब. पोरांना त्योच भात भरवला. किती येळा बोलले, दुसरीकडं ठेवा. तर म्हनं बुरशी लागंल. मला काय लागंल ते कुनी नाय इचारलं."

"मग इतक्या वर्षांनी का दिलात?"

"मधी बंद झालं व्हतं, कपाटात पडला व्हता. आता पुन्यांदा रील आनलं, पुन्यांदा डब्यात. त्यो पोरगा आला, बोलले, घेऊन जा बाबा. मला वाटलं हे चार दिस आरडतील. पोलिसात जातील असं नाय वाटलं. आन् ह्यांच्यासमोर तुमच्या मानसानं इचारलं, तवा माझी जीभच उचलली नाय."

"त्या पोराची नोकरी जाईल, काकू."

त्या उठल्या, पदराला हात पुसले आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या. "अवो, कॅमेरा मीच दिलाय. पोराला सोडा."

फोटोवाले अंगणातून पायरीपर्यंत आले. मग म्हणाले, "मला सांगायचंस तरी."

"सांगितलं व्हतं. तुमी ऐकलं नाय."

ठाण्यात काकूंनी जबाब दिला. चोरी झालीच नव्हती असा अहवाल मी वर पाठवला, आणि पोराचा दाखला अडणार नाही याची काळजी घेतली. कॅमेरा परत न्या म्हटलं तर फोटोवाल्यांनी नकारार्थी मान हलवली. त्यांनी खिशातून मीटर काढून टेबलावर ठेवला. "ह्यो पण द्या त्याला."

"काकूंनी मीटर तर राहू दिला होता. त्याचं त्यांना काही नाही."

"तिला ठाऊक नाय, साहेब," ते हळूच म्हणाले. "कॅमेरा लांब असायचा. मीटर मी मेलेल्या माणसाच्या गालाजवळ धरायचो, तोंडावरचा उजेड बघायला. तिला नका सांगू." आणि म्हातारा माझ्यासमोर ढसाढसा रडला. एवढ्या वर्षांत, एवढ्या प्रेतांजवळ, त्यांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

मी हजारो जबाब नोंदवले. कोण कुठे होतं, काय पाहिलं, सगळं खोदून विचारलं. पण कामावरून घरी परतलेल्या माणसाबरोबर आणखी काय घरात येतं आणि ते कोण निस्तरतं, हे विचारायला आमच्याकडे कलम नाही. मलाही ते कधी सुचलं नव्हतं.

त्या दिवशी घरी आलो. बायको दोरीवरचे कपडे काढत होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "माझा गणवेश तू पोरांच्या कपड्यांत धुतेस का गं?"

तिने वळूनही पाहिलं नाही. "वेगळा धुते," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. आज विचारताय होय?"