देशटी पट्टी

किस्से मुद्दाम कोण जमवतं हो? चार माणसं रोज एका बाकावर बसली की ते आपोआप साचतात. पन्नासच्या दशकात ठाण्याच्या आमच्या वाचनालयात असेच साचले. आता त्या बाकावरचा मी एकटाच उरलोय, याचं वाईट वाटतं.

छप्पन साली तिथली लढाई थांबवायला इजिप्तच्या वाळवंटात सगळ्या देशांनी मिळून शांतिसेना धाडली होती. कळव्याचे मिठागरवाले बाळारामदादा रोज पूल ओलांडून आमच्याकडे यायचे, कारण त्यांचा नारायण आपल्या पलटणीबरोबर तिथे होता. दादांना वाचता येत नसे. म्हणून बर्वे मास्तर 'शांतता राखा' या पाटीखाली बसून त्यांना खणखणीत आवाजात पेपर वाचून दाखवत. एका मेंबराने तक्रार केली, तर मास्तर म्हणाले, "अहो, बातमी शांततेचीच आहे!"

*

सेनेचा खर्च देशांनी वाटून घ्यायचा, हे दादांना समजावताना मास्तरांची पार दमछाक झाली. 'राष्ट्रनिहाय अंशदान' म्हटलं की दादा नुसते बघत राहायचे. शेवटी मी म्हटलं, गणपतीला कशी घरटी पट्टी, तशी ही देशटी पट्टी. दादांना चटकन कळलं. आमच्यात तो शब्दच रुळला. व्याकरणात बसत नाही म्हणून मास्तर मात्र आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

*

पेपरचं पहिलं पान देवधर वकिलांनाही हवं असे आणि मास्तरांनाही. एकदा ओढाताणीत पेपर उभा फाटला. तेव्हापासून दादा दोघांच्या मधे बसू लागले. वकील त्यांना 'आमची शांतिसेना' म्हणायचे. या सेनेचा खर्च कोण करतं, असं मी एकदा विचारलं, तर दोघंही पेपरात तोंड खुपसून बसले. चहा रोज दादाच पाजायचे.

*

काही देश पट्टी द्यायला तयार नाहीत, अशी बातमी आली. दादांनी मला बाजूला घेऊन विचारलं, पैसे संपले तर आगबोटवाले पोरांना अर्ध्या वाटेत उतरवतील काय. मी हसलो. ते हसले नाहीत. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

*

आणि मग ती सभा. दोन महिने नारायणचं पत्र नव्हतं. दादांचं पेपरात लक्ष लागेना. त्यांचं मन रमावं म्हणून वकिलांनी लुटुपुटूची जागतिक सभा भरवली. प्रत्येक मेंबर एकेक देश. पट्टीचा विषय निघाला तशी रडगाणी सुरू झाली. एका देशाचं पीक बुडालेलं, दुसऱ्याच्या घरी लग्न, आणि मास्तरांचा देश 'तत्त्वतः अनुकूल' होता. आम्ही पोट धरधरून हसत होतो. दादांची पाळी आली, तेव्हा वकील थट्टेने म्हणाले, "बोला कळवा सरकार, तुमची पट्टी किती लिहू?"

दादा उभे राहिले.

"आमच्या खाडीचा बांध फुटला का घरटी एक मानूस जातो. ज्याला जावाचं नाय, त्यानं पट्टी द्यावी. माजा पोऱ्या तिकरं बांधाव उभा हाय, वकीलसायब. आता तुमीच सांगा, पट्टी कोनाची ऱ्हायली?"