सूप न मावणाऱ्या खुर्च्या

माणसाला खुर्चीवर बसवायचं, त्याच्या मांडीवर सूप ठेवायचं आणि टेप लावून माप घ्यायचं. पाच मिनिटांचं काम आहे हो. तेवढं आमच्या सुतारकाम मंडळाला चार महिन्यांत जमलं नाही. त्याचा राग माझ्या डोक्यातनं अजून उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसले.

मंडळ म्हणजे काय, तर आमच्या कॉलनीच्या मागं एक पत्र्याची शेड आहे. सोलापूरच्या उन्हात ती नऊ वाजताच तापते, म्हणून रिटायर झालेली माणसं सकाळी लवकर जमतात आणि लाकूडकाम करतात. अध्यक्ष बँकेतले, सेक्रेटरी म्हणजे शाळेचे हेडमास्तर, बाकीचेही तसेच. पोटासाठी रंधा मारलेला त्यात एकही नाही. बाई मी एकटी. मलाही कुणी शिकवलं नाही. लग्न होऊन माढ्याकडनं इकडं आले तेव्हापासून घरातले मोडके पाट, खाटेचे पाय मीच ठोकून नीट करायची. मालक म्हणायचे, "तुझ्या हातात लाटण्यापेक्षा हातोडी शोभते." ते गेल्यावर घर खायला उठलं, तेव्हा करवत पिशवीत घालून मंडळात गेले. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, चहा करायला बाई आली!

तर खुर्च्यांचं. माझी एक मैत्रीण आहे, पूर्व भागातली, तेलुगू घरातली. आमची ओळख गुडघ्याच्या डॉक्टरकडं बाकावर बसून झाली. ती लहानपणापासून विड्या वळते. जमिनीवर मांडी घालायची, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, आणि बोटं चालू. बोलताना बघायची तुमच्याकडं, पण बोटं थांबायची नाहीत. डॉक्टरनं तिला सांगितलं, आता खाली बसणं बंद. घरातल्या खुर्चीवर तिनं बसून पाहिलं, तर पाय लोंबकळले, मांडी उतरती झाली आणि सूप निघालं घसरून. सून म्हणाली, "अत्तम्मा, बास आता. कारखान्यात कार्ड परत देऊन टाका." कार्ड म्हणजे विडीच्या कामाचं कार्ड. ते दिलं की काम संपलं.

ती मला म्हणाली, "अक्का, कार्ड दिल्यावर मी कोण गं? सकाळी उठून काय करू सांग की. पंखा बघत पडू?"

मी म्हणाले, "थांब. आमचं मंडळ खुर्च्या करंल तुमच्यासाठी. तवर कार्ड देऊ नकोस."

हा शब्द मी दिला. मंडळानं नाही, मी.

मंडळात विषय काढला तर सगळे खूश. विडीकाम करणाऱ्या महिलांसाठी बारा खुर्च्या! सामाजिक उपक्रम! हेडमास्तरांनी दुसऱ्या दिवशी चौकटीच्या कागदावर चित्र काढून आणलं. चित्र छान होतं, खोटं कशाला बोलू. पण खुर्चीला दोन्ही बाजूंनी हात.

"साहेब, हात कशाला?" मी विचारलं.

"काकू, गुडघे दुखणाऱ्याला उठताना धरायला काहीतरी हवं ना?"

हे बरोबर होतं त्यांचं. तरी म्हटलं, "पण सूप मावंल का मधे?"

"मावेल हो."

मावेल हो! पँट घातलेले अध्यक्ष स्टुलावर बसले, हेडमास्तरांनी त्यांची मापं घेतली. अध्यक्ष म्हणजे खराट्याची काडी. त्यांच्या दोन्ही बाजूंना चार-चार बोटं सोडली की झाली खुर्ची. मी म्हटलं, मैत्रिणीला बोलावते, निदान तिचं सूप तरी आणते. तर हेडमास्तर म्हणाले, "काकू, आता ग्रुपवर डिझाइन फायनल झालंय. सगळ्यांनी अंगठे दिलेत. तुम्हीसुद्धा."

दिला होता मी. सगळ्यांचे अंगठे दिसले, मीही एक दाबला. त्याबद्दल मी दुसऱ्या कुणाला काय बोलणार?

मग कामं वाटली. मला करवत नाही की पटाशी नाही. "बायकांचा हात हलका असतो," म्हणून माझ्याकडं पॉलिश पेपर दिला. बाभळीचे चोवीस हात मी घासून गुळगुळीत केले. प्रत्येक हातावर मंडळाचं नाव कोरलेलं. नाव कोरायला तीन आठवडे गेले. माप घ्यायला वेळ नव्हता.

समाजमंदिरात कार्यक्रम ठेवला. नारळ, हार, पाहुणे, भाषणं. मैत्रीण इस्त्रीची साडी नेसून आली होती आणि घरनं तंबाखू-पानांसकट सूप फडक्यात बांधून घेऊन आली होती. तिला पहिल्या खुर्चीवर बसवलं. ती सूप मांडीवर घ्यायला गेली, तर ते दोन्ही हातांवर अडकलं. आडवं केलं, तिरकं केलं. शेवटी हातांवरच ठेवलं, तर ते छातीला आलं आणि कोपरं उचलून ती कोंबडीसारखी बसली. सूप कलंडलं, तंबाखू साडीवर. फोटोवाला म्हणतो, "मावशी, इकडं बघा!" आणि तिनं बघितलं. हसून बघितलं.

अध्यक्ष म्हणाले, "होईल सवय हळूहळू."

जाताना ती माझ्या कानाशी आली. "अक्का, खुर्ची लई झ्याक हाय. सुनंला होईल टीव्ही बघायला." आणि मग, "उद्या जाऊन कार्ड देऊन येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मंडळात गेलेच नाही. करवत घेऊन थेट तिच्या घरी. ती चहा पीत होती. कार्ड खिडकीत काढून ठेवलेलं.

"हात कापते," मी म्हटलं.

"अय्यो, त्यावर तुमचं नाव हाय की!"

"असू दे. धर पाठीला."

तिनं पाठ धरली, सुनेनं पाय धरले. बाभूळ ती, दात लागू देईना. आणि मीच घासून इतकी गुळगुळीत केलेली की करवत सारखी सटकायची. घामाघूम झाले. दोन्ही हात खाली पडले तरी ती बसल्यावर पाय लोंबकळतच होते. मग परसातल्या दोन विटा आणून पायाखाली दिल्या. गुडघे वर आले, मांडी सपाट झाली. तिनं सूप ठेवलं. घसरलं नाही. एक पान उचललं, तंबाखू भरला, आणि बोटं चालू.

"आणि उठशील कशी?" मी विचारलं.

"भिंत हाय की!"

सुनेनं कार्ड परत कपाटात ठेवलं.

दुपारी हेडमास्तरांचा फोन. "काकू, मंडळाच्या वस्तूची मोडतोड झाल्याचं कळलं." तातडीची बैठक. मी बैठकीला सूप घेऊन गेले. एक खुर्ची शेडमधे ठेवलेली होती. अध्यक्षांना म्हटलं, बसा साहेब. बसले. मांडीवर सूप ठेवायला गेले, अडकलं. अध्यक्षांनी स्वतः दोनदा ढकलून पाहिलं. मग एकजण म्हणाला, "पुढच्या वेळी लक्षात ठेवू," आणि चहा आला. मला वाटलं, कुणीतरी उठेल, करवत घेईल. तर सगळे चहा प्यायले आणि पुढचा विषय घेतला: अंगणवाडीसाठी डेस्क.

"पोरांची मापं घेतली का?" मी विचारलं.

हेडमास्तर म्हणाले, "काकू, मी तीस वर्षं मुलांतच काढलीत."



बाकीच्या खुर्च्या कुठं कपडे वाळत घालायला, कुठं दप्तरं ठेवायला. चार मी कापल्यात. खांदा भरून येतो, वय काय माझं. शेडमधे दहा माणसं आणि दहा करवती. सांगूनही एकजण कापायला येत नाही, याचाच संताप जास्त होतो.

परवा मैत्रिणीचा निरोप आला. शेजारणीची खुर्ची राहिलीय, तिची सूनही कार्ड द्या म्हणून मागं लागलीय. करवत घेऊन ये. विटा हायेत हितं.