मूल्यांच्या कागदावर माझी सही नाही

युनिव्हर्सिटीतला दुसऱ्या मजल्यावरचा संडास मी नुकताच घासून काढला होता. हाताला फिनाईलचा वास तसाच. म्हटलं, आता जाऊन यावं, मला शुगर आहे, थांबवत नाही. तेवढ्यात ऑफिसातले मोठे बाबू आले. दाराला कुलूप, किल्ली खिशात.

"साहब, दो मिनट," मी म्हटलं.

"अम्मा, आप लोगों का नीचे है ना. गार्डन के पीछे."

गार्डनच्या मागं म्हणजे दोन जिने, मग अख्खं मैदान, मग कडी नसलेलं दार. निघाले. पहिल्याच जिन्यावर झालं. साडी ओली, पायऱ्या ओल्या. पोरंपोरी वर येत होती. एक जण नाकाला रुमाल लावून कडेनं गेला. पोछा हातातच होता. माझं मीच पुसलं. साठीला आलेली बाई मी.

घरी कोणाला सांगितलं नाही. काय सांगणार?

वडील आमचे नागपूरहून सरकारी ऑफिसाबरोबर भोपाळला आले, चपराशी होते. माझी शाळा दुसरीतच सुटली. अक्षरं मला लागली ती या युनिव्हर्सिटीत, तीही पाटी पुसता पुसता. मोठ्या हॉलबाहेर पाटी होती, विश्वविद्यालयाची मूल्यं म्हणून. सत्य, सेवा, अनुशासन. रोज ओलं फडकं फिरवायचं आणि एकेक अक्षर जुळवायचं. सेवा आधी वाचता आलं. नवे कुलगुरू आले तशी पाटी बदलली. "हम सब एक परिवार हैं." तीही पुसली. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं होतं वाचून. आता कळतं, घरच्या माणसाला संडासाची किल्ली मागायला कोण लावतं?

यंदा पाटी तिसऱ्यांदा बदलायची ठरली. या वेळी सगळ्यांना विचारून, असं म्हणाले. जिन्याजवळ पेटी ठेवली, ज्याला जे वाटतं ते लिहून टाका. मी दोन दिवस विचार केला. मग साकेत नगरच्या घरी, पोळ्या झाल्यावर, नातवाच्या वहीचं पान घेऊन लिहिलं, "जो शौचालय साफ़ करे, उसे उसमें जाने दिया जाए." खाली नाव घातलं. टाकलं पेटीत.

महिन्यानं बोलावणं आलं. सफाईवाल्यांतर्फे एक बाई पाहिजे, पाटीच्या मीटिंगला. मी गेले. इस्त्रीची साडी नेसून गेले, हसाल तुम्ही. कमिटीच्या प्रोफेसर बाई अमरावतीच्या, आमच्याशी मराठीत बोलतात. दारातच म्हणाल्या, "या मावशी, या. आपलं माणूस आलं म्हणजे बरं वाटतं."

दाराजवळची खुर्ची मिळाली. चहा मिळाला. मसुद्याचा कागद सगळ्यांना वाटला, मलाही. मी वाचायला लागले. सावकाश वाचते मी, बोट ठेवून. कोणीतरी म्हणालं, "अरे, अम्मा तो पूरा पढ़ रही हैं!" सगळे हसले. प्रेमानंच हसले.

पूर्ण वाचला. माझं वाक्य नव्हतं. परत वाचला. मग बाईंना विचारलं.

"अहो मावशी, आहे की. हे बघा, 'प्रत्येक सदस्य के लिए गरिमापूर्ण वातावरण.' तुमचंच वाक्य आहे ते. फक्त जरा मोठं केलंय."

मोठं केलंय. एवढं मोठं, की त्यात संडासच उरला नव्हता.

मग सह्या सुरू झाल्या. प्रत्येक विभागाच्या नावासमोर एक सही. कागद माझ्यापर्यंत आला आणि क्लार्कनं न विचारता शाईचा पॅड पुढं सरकवला. "अम्मा, अंगूठा यहाँ."

नुकतंच मला वाचताना पाहून हसला होता तोही.

पॅड बाजूला सारला. म्हटलं, "पेन दो." पेन दिलं. कागदावर टेकवलं आणि हात थांबला. तो जिना आठवला. ओला.

"सही आती है मुझे," मी म्हटलं. "नहीं करूँगी."

बाई उठून जवळ आल्या, हळू आवाजात म्हणाल्या, "मावशी, असं नका करू. सगळ्यांच्या झाल्यात. आणि तुमचं कॉन्ट्रॅक्टही संपतंय ना जूनमध्ये?"

"किल्ली कोणाजवळ राहील ते लिहा. मग करते."

"अहो, मूल्यांमध्ये किल्ली कशी लिहायची?"

"मग कशात लिहायची, ते तरी सांगा."

मी चहाचा कप विसळून ठेवला. सवय, दुसरं काय. आणि निघाले.

नवी पाटी लागली. छान आहे, काचेची आहे. ठेकेदारानं मला तिथून काढून लायब्ररीच्या बिल्डिंगला टाकलं. जूनमध्ये ठेवील, नाही ठेवील. थकलेय मी, गुडघे बोलतात, भांडायची हौस कुणाला आहे? पण लायब्ररीत पहिल्याच सकाळी मी बादली खाली ठेवली आणि तिथल्या साहेबांना आधीच सांगून टाकलं. ज्या संडासात मला जाता येत नाही, तो मी घासणार नाही. बरोबरच्या चौघींनाही तेच सांगितलंय. दोघी हो म्हणाल्या. दोघी घाबरल्या. त्यांना रोज सांगते.