दहा शेअरांच्या मालकीणबाई

समोरचा माणूस कितीही रंगात येऊन बोलत असो, ट्रंककाकू मध्येच म्हणत, "तीन मिनिटं झाली. वाढवायचा का?" पंचवीस वर्षं त्यांनी टेलिफोन खात्यात तीन-तीन मिनिटांचे ट्रंक कॉल जोडले होते. पुढे चौकाचौकात एसटीडीचे पिवळे बूथ आले, कॉल जोडायला माणूस लागेनासा झाला आणि काकू मुदतीआधी निवृत्त झाल्या. निरोप समारंभात भाषण करणाऱ्या साहेबांनाही तीन मिनिटांनी विचारणा झाली म्हणतात. मी तिथे नव्हतो, पण मला शंका नाही.

नारायण पेठेत त्यांच्या वरच्या मजल्यावर मी खोली घेतली, तेव्हा यवतमाळहून येऊन एका सॉफ्टवेअर कंपनीत नुकताच लागलो होतो. कंपनीचं ओळखपत्र गळ्यात घालून मी खानावळीतही जात असे. पहिल्याच आठवड्यात काकूंनी मला जिन्यात अडवलं.

"आपण हरवलात तर कोणी आणून द्यावं म्हणून घातलंय का हे?"

मी ते खिशात घातलं. एरवी त्या मला 'अरे-तुरे' करत. माझं काही चुकलं की 'आपण' म्हणत. पुण्यात आदर कधी मिळतो ते मला तेव्हा कळलं.

बचतीचं शिक्षणही जिन्यातच झालं.

"पगार कधी होतो?"

"एक तारखेला."

"आणि शिल्लक कधी टाकतोस?"

"महिनाअखेर. उरेल ते."

"उरतं?"

"नाही."

"मग एक तारखेलाच टाक, आणि उरलेल्यात महिना काढ. एवढं कळायला इंजिनिअर व्हायची गरज नव्हती. पण आता झालाच आहेस, तर असो."

दुसऱ्या दिवशी माझ्या कडीला बँकेच्या आवर्ती ठेवीचा फॉर्म अडकवलेला होता. सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुली. सहा महिन्यांचा खर्च बँकेत जमेपर्यंत शेअरचं नाव काढायचं नाही, हा दुसरा धडा. "नोकरी म्हणजे लाइन आहे, केव्हाही तुटते. आम्हाला कुठे कोणी कळवलं होतं यंत्र येणार म्हणून?" तिसरा धडा माझ्या एका लांबच्या मामांमुळे मिळाला. ते मला पॉलिसी विकायला आले होते. काकूंनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं, म्हणजे तीन मिनिटं, आणि ते गेल्यावर म्हणाल्या, "विमा मेल्यावर लागतो, बचत जगताना. दोन्ही एका पाकिटात घालून विकणाऱ्याला चहा द्यावा. चेक देऊ नये."

स्वतः काकू बऱ्याच कंपन्यांच्या मालकीणबाई होत्या. प्रत्येकीचे दहा शेअर. नव्या कंपनीचे आधी दहाच घ्यायचे, वार्षिक सभेला जाऊन बसायचं, अध्यक्षांचा आवाज ऐकायचा आणि मग काय ते ठरवायचं, अशी त्यांची पद्धत. अहवालातले आकडे त्या वाचत, पण विश्वास कानावर. "'खरं सांगायचं तर' म्हणून सुरुवात केली की समजावं, आता लाइनवर खरखर येणार." सभेत वेफर्स आणि पेढा मिळाला तर कंपनी बरी. भेटवस्तू मिळाली तर दुसऱ्या दिवशी शेअर विकायचे. त्यांच्या भिंतीवर चार कंपन्यांची चार घड्याळं होती. पाहुण्यांनी विचारलं की काकू शांतपणे सांगत, "चारही कंपन्या बुडाल्या. घड्याळं चालतात."

तीन वर्षांत माझे नव्वद हजार जमले. ते धायरीच्या एका बिल्डरला फ्लॅटच्या नोंदणीसाठी द्यायचे होते. वडील गेल्यापासून आई यवतमाळला एकटीच होती. पुढच्या दिवाळीला तिला घेऊन यायचं, असं कळवूनही झालं होतं. आणि नेमकी तेव्हाच देशात तंत्रज्ञानाची क्रांती झाली. म्हणजे आमच्या ऑफिसात लोक प्रोग्रॅम कमी आणि शेअरचे भाव जास्त बघू लागले. एका कंपनीचा भाव दर आठवड्याला वाढत होता. ती काय करते हे कोणालाच माहीत नव्हतं, आणि ते विचारणारा मागासलेला ठरत होता.

"आधी दहा घे," काकू म्हणाल्या. "मीही घेते. सभेला जाऊ."

सभा एका बड्या हॉटेलात होती. दारातच प्रत्येकाला वेष्टनातलं घड्याळ मिळालं. काकूंनी ते घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. मंचावर धूर सोडला, निळे दिवे लागले आणि त्यातून अध्यक्ष अवतरले. ते चाळीस मिनिटं इंग्रजीत बोलले. काकूंनी सात वेळा तरी मनगटावर पाहिलं असेल. प्रश्नांची वेळ झाली तशा त्या कापडी पिशवी काखेत मारून उभ्या राहिल्या.

"कंपनी विकते काय? कोणाला? आणि त्याने पैसे दिले का?"

अध्यक्ष प्रेमाने हसले. मराठीत म्हणाले, "मावशी, आम्ही भविष्य विकतो."

टाळ्या पडल्या.

"ते रस्त्यावरचा पोपटवालाही विकतो. तुम्ही पावती कशाची देता?"

सगळं सभागृह हसलं. अध्यक्षांना नव्हे, काकूंना. माझ्या शेजारच्या टायवाल्या तरुणाने विचारलं, "तुमच्याबरोबर आहेत का या?"

"नाही," मी म्हटलं.

रिक्षातून परतताना काकू एकच वाक्य बोलल्या. "आपण खिडकी लावून घ्याल का जरा?" रिक्षाला खिडकी नव्हती.

त्याच आठवड्यात मी नव्वद हजार त्या कंपनीत घातले. जानेवारीत त्यांचे दुप्पट झाले. मी पेढे घेऊन खाली गेलो.

"विकलेत आपण?" काकूंनी विचारलं.

"नाही, अजून वाढणार आहे."

"मग पेढे कशाचे?"

उन्हाळा लागला आणि भाव उतरू लागला. मी तज्ज्ञांचे लेख वाचत राहिलो. ही तात्पुरती घसरण आहे यावर सगळ्यांचं एकमत होतं. वर्ष सरेपर्यंत नव्वद हजारांचे नऊ हजार उरले. आईला मी बिल्डरने काम लांबवलं असं सांगितलं; तिने लगेच विश्वास ठेवला. मग आमच्या कंपनीने निम्मी माणसं घरी पाठवली. त्यात मीही होतो. चार महिने मी बँकेतल्या त्या सहा महिन्यांच्या खर्चावर जगलो. तेवढ्याला हात लावला नव्हता, आणि ती अक्कल माझी नव्हती.

एका दुपारी खाली जाऊन मी काकूंना सगळं सांगितलं. नव्वद हजार, आई, बिल्डरचं खोटं, नोकरी. बोलता बोलता घड्याळांकडे नजर गेली. अर्धा तास होऊन गेला होता. काकूंनी एकदाही अडवलं नव्हतं.

त्यांनी चहा ठेवला. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "पैशांचं एवढं मनाला लावून घेऊ नकोस. एक तारीख दर महिन्याला येते." मग आलं किसता किसता, "त्या हॉलमध्ये गलका होता खूप. पण तुझं ते 'नाही' मला नीट ऐकू आलं. पंचवीस वर्षं तेच काम केलंय मी."

त्यांनी कप पुढे केला आणि म्हणाल्या, "घे. गार होतोय." नवी नोकरी लागली त्या दिवशी माझ्या कडीला पुन्हा फॉर्म होता. पेन्सिलीची फुली तशीच.

धायरीचा फ्लॅट ठरल्यापेक्षा पाच वर्षं उशिरा झाला. आई आली. वास्तुशांतीला काकूंनी वेष्टनातलं घड्याळ आणलं. त्याच सभेतलं, कंपनी तोवर नाहीशी झाली होती. "भिंतीवर लाव," म्हणाल्या. "तुला बरंच महागात पडलंय." पुढे त्या वाघोलीला भाचीकडे राहायला गेल्या आणि तिथेच वारल्या. भाचीचा फोन आला तेव्हा आमचं बोलणं तीन मिनिटंही चाललं नाही.

ज्या कंपनीत पैसे घालायचे, तिचे आधी दहा शेअर घेऊन मी अजूनही सभेला जातो. गेल्या सप्टेंबरात एका सभेत मागच्या रांगेतले एक आजोबा उठले. हातात प्लास्टिकची पिशवी, सदऱ्याचं वरचं बटण तुटलेलं. गेल्या वर्षीचा नफा नक्की कुठे गेला, असं त्यांनी विचारलं. सभागृह हसलं. माझ्या शेजारी गळ्यात ओळखपत्र घातलेला एक मुलगा बसला होता. तो हसू दाबत म्हणाला, "काका, तुमच्यासोबत आहेत का ते?"

त्या आजोबांना मी जन्मात पाहिलं नव्हतं.

"हो," मी म्हटलं. जरा मोठ्यानेच.