न बोललेला डायलॉग

“सुहासजी नकोत, मॅम. हीरो बदललाय,” आमच्या मुंबईच्या क्लायंट कंपनीतला रितेश व्हिडिओ कॉलवर म्हणाला, तेव्हा सुहासजी माझ्या शेजारीच बसले होते. कॅमेऱ्यात फक्त मी दिसत होते.

शहरातल्या पलासिया भागात एका छोट्या स्टुडिओत मी डबिंग डायरेक्टर आहे. म्हणजे परदेशी नटाच्या ओठांवर हिंदी वाक्यं बसवून घेणं हे माझं काम. एका सुपरहीरोचा हिंदी आवाज वर्षानुवर्षं सुहासजीच होते. आता प्रीक्वल आला होता, म्हणजे त्या हीरोच्या तरुणपणाची गोष्ट. हीरो नवा, व्हिलनही नवा, दोघं विशीतले. सुहासजी साठीला टेकलेले.

कॉल संपल्यावर ते म्हणाले, “एक टेस्ट तो ले, वर्षा.”

घेतली. प्लेबॅक ऐकून तेच हसले. “अगं, हा तर पोराच्या तोंडून त्याचा बाप बोलतोय! राहू दे.”

मग आम्ही तरुण आर्टिस्ट ऐकले. त्यात कुणाल बरा वाटला. घाई करायचा, पण आवाजात दम होता. त्याचं सॅम्पल मी मुंबईला पाठवलं.

पुढच्या कॉलच्या वेळी सुहासजी दुसऱ्या कामासाठी आले होते. रितेश खुशीत होता. “मॅम, कुणाल ठीक आहे. पण पब्लिकला तोच आवाज हवा. ये सुनिए.”

स्पीकरवर सुहासजी बोलू लागले. विशीतले. कोवळा, धारदार आवाज. मला वाटलं, जुनं रेकॉर्डिंग सापडलं. मग वाक्य लक्षात आलं आणि अंगावर काटाच आला. तो डायलॉग मी याच आठवड्यात लिहिला होता.

सुहासजी दारात उभे होते. पुढे येऊन त्यांनी विचारलं, “भिया, ये मैंने कब बोला?”

रितेश दचकला, पण लगेच सावरला. “सर, आपने नहीं बोला. पुराने ट्रॅक्स थे न? सॉफ्टवेअरने सीख लिया.”

सुहासजी खुर्चीत बसले. चेहरा पांढरा पडला होता. “मतलब मैं मर जाऊँगा, तब भी बोलता रहूँगा?”

रितेशने सॅम्पल बंद केलं.

“माझी मनाई आहे,” सुहासजी म्हणाले. “कुणालला घ्या. चुकेल तर स्वतःच्या आवाजात चुकेल.”

मी म्हणाले, “हे सॅम्पल आमच्या स्टुडिओत मिक्स होणार नाही.”

“सोच लो, मॅम. स्टुडिओ और भी हैं.”

आमचं निम्मं काम रितेशच्या कंपनीकडूनच यायचं. तरी मी म्हणाले, “सोच लिया.”

बरेच दिवस काहीच कळलं नाही. मग मेल आला: कुणाल फायनल. वरचे लोक परवानगीच्या भानगडीला घाबरले होते. तत्त्व वगैरे काही नव्हतं.

पिक्चर आम्ही सगळ्यांनी थिएटरात बघितला. सुरुवातीला नवा आवाज ऐकून लोक कुजबुजले, मग विसरले. लढाईच्या सीनला कुणालचा आवाज चिरकला. सुहासजी माझ्याकडे वळून म्हणाले, “पहिल्या वेळी माझाही असाच फाटला होता.”

हल्ली आर्टिस्ट माइकपुढे उभा राहण्याआधी मी क्लायंटला विचारते, हा आवाज आणखी कुठे वापरणार? प्रश्न आवडत नाही कुणाला. तरी विचारून घ्यावा. सुहासजींच्या आवाजाचं ते सॅम्पल डिलीट केलं का, हेही मी रितेशला दोनदा विचारलं.

उत्तर अजून आलेलं नाही.