सोळा वाट्या मटकी

मला स्वयंपाक येतो. करून पाहिला नव्हता, एवढंच.

हे मी डोंबिवलीतल्या आमच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, बायकोने केलेली भरली वांगी बोटं चाटत संपवताना जाहीर केलं. निमित्त तिच्या बढतीचं होतं. वैशाली एका पतपेढीत नोकरी करते. घोडबंदर रोडच्या नव्या शाखेत मॅनेजर म्हणून जाणार का, असं तिला वरून विचारलं होतं आणि उत्तर पुढच्या शनिवारपर्यंत द्यायचं होतं. घोडबंदरहून डोंबिवलीला यायचं म्हणजे शीळफाट्याच्या ट्रॅफिकची मर्जी सांभाळत यायचं. घरी पोचायला साडेआठ.

"मग संध्याकाळच्या जेवणाचं काय?" ती म्हणाली.

"मी आहे ना." (मी वर्षभरापूर्वी कंपनीतून लवकर निवृत्ती घेतली आहे. तेव्हापासून मी घरीच आहे हे वैशालीच्या लक्षात आलं असावं, पण जाणवलं नसावं.) "स्वयंपाकात असतं काय? झटपट, स्वस्त आणि पौष्टिक. वीस मिनिटांचं काम. तुम्ही बायका उगाच त्याचं प्रस्थ माजवता."

कॉलेजात जाणाऱ्या आमच्या लेकीने, ऋचाने, हातातला फोन खाली ठेवला. आमच्याकडे फोन खाली ठेवला जाणं ही गंभीर घटना असते.

"ठीक आहे," वैशाली म्हणाली. "सोमवार ते शुक्रवार करून दाखवा. पोळी-भाजी केंद्राकडे फिरकायचं नाही. बाहेरचं काही आणायचं नाही. साडेआठला पानं घेतलेली पाहिजेत. जमलं तर हो म्हणून कळवते."

"आत्ताच कळवून टाक."

"शनिवारी," ती म्हणाली आणि माझं ताट उचलून आत गेली.

मी तीस वर्षं प्रॉडक्शन प्लॅनिंगमध्ये काढली आहेत. त्यामुळे मी आधी तक्ता केला आणि फ्रिजवर चिकटवला. सगळ्या आठवड्याचा पाया एकच, मोड आलेली मटकी. सोमवारी उसळ, मंगळवारी सॅलड, बुधवारी डोसे, गुरुवारी पुलाव, शुक्रवारी सूप. वैशालीने बावीस वर्षं रोज वेगळी भाजी केली, पण तिला कधी तक्ता करणं सुचलं नाही, याचं मला वाईट वाटलं. माणसी एक वाटी उसळ लागते हे मी जेवताना मोजून घेतलं होतं. तीन माणसं, पाच दिवस, म्हणजे पंधरा वाट्या, एक पाहुण्यासाठी. सोळा वाट्या. तेवढ्या कोरड्या मटकीचं वजन काढून मी वाण्याकडे गेलो.

"काका, हॉटेल काढताय?" वाण्याने विचारलं.

अडाणी माणसांना प्लॅनिंग कळत नाही, असं मनात म्हणून मी पिशवी उचलली. शनिवारी दुपारी मटकी भिजत घातली. संध्याकाळी पातेल्याचं झाकण आपोआप वर आलेलं होतं.

"बाबा, ही वाढतेय," ऋचा म्हणाली.

"वाढणारच. प्रोटीन आहे ते."

कोरडी वाटी आणि शिजलेली वाटी यांत फरक असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. (वैशाली दारात उभी राहून बघत होती. तिने नंतर सांगितलं की मला मध्येच टोकणं तिला बरं वाटलं नाही.) रविवारी सकाळी मोड आणायला कापड शोधलं. एका गाठोड्याला वैशालीची ओढणी लागली, दुसऱ्याला उशीचा अभ्रा, तिसऱ्याला माझं लग्नातलं जरीच्या काठाचं उपरणं. तिन्ही गाठोडी बाल्कनीतल्या कपड्यांच्या दांडीला टांगली आणि हात झटकून चहा घ्यायला बसलो. चहा संपायच्या आत बेल वाजली.

दारात आमच्या खालच्या मजल्यावरच्या म्हात्रे वहिनी. वहिनी मूळच्या इथल्याच. आमची इमारत उभी आहे तिथे त्यांच्या सासऱ्यांचं भाताचं शेत होतं, त्यामुळे इमारतीत त्यांच्याशी कुणी वाद घालत नाही.

"सामंत भाऊजी, वरून काय गळतंय? माझ्या साड्या वाळत आहेत खाली."

"मटकी आहे, वहिनी."

त्या सरळ बाल्कनीत गेल्या, तिन्ही गाठोड्यांकडे खालून वर बघितलं आणि वैशालीला म्हणाल्या, "घरात कोण कोण येणारेत गं?"

"कुणी नाही. हे स्वयंपाक करणारेत."

"बरं," वहिनी म्हणाल्या आणि साड्या पुन्हा धुवायला गेल्या.

सोमवारी उसळ केली. वीस मिनिटांपैकी बारा मिनिटं हळद शोधण्यात गेली आणि मग कुकरचं झाकण लागेना. फोडणी मी मुद्दाम टाळली, कारण आरोग्य. नारळ टाळला, कारण कोलेस्टेरॉल. पानं घेतली तेव्हा नऊ वाजून गेले होते.

"बाबा, आपल्याला काही झालंय का?" ऋचाने विचारलं. "म्हणजे, हे डॉक्टरांनी खायला सांगितलंय?"

वैशाली तीन ग्लास पाणी प्यायली.

मंगळवारी फ्रिजमध्ये दुधाच्या पिशवीला जागा उरली नव्हती आणि दोन गाठोडी बाहेरच राहिली होती. तेव्हा मी वैशालीचे सगळे डबे काढले (तिचा ऑफिसचा डबासुद्धा), ते त्यातल्या एका गाठोड्यातल्या मटकीने भरले आणि इमारतीतल्या आठ घरी वाटले. प्रत्येक दारात मी प्रोटीन आणि तेल या विषयावर चार शब्दही सांगितले. म्हात्रे वहिनींना साड्यांच्या नुकसानीदाखल मोठा डबा दिला. घरी आलो तेव्हा मला समाजकार्य केल्यासारखं वाटत होतं.

एक गोष्ट मी विसरलो होतो. आमच्या इमारतीत कुणाचाही डबा रिकामा परत जात नाही. हा रिवाज कुणी लिहिलेला नाही, पण लिफ्टच्या नियमांपेक्षा जास्त पाळला जातो.

बुधवारी माझे मटकीचे डोसे तव्याला असे बसले की ते ऋचाने उलथन्याच्या मागच्या बाजूने खरवडून काढले. एवढ्यात बेल वाजली आणि पहिला डबा परत आला. त्यात साजूक तुपातला शिरा होता. साडेआठला आम्ही शिरा जेवलो. गुरुवारी साबुदाण्याचे वडे, पुऱ्या आणि बेसनाचे लाडू आले.

"बाहेरचं नाही आणायचं ठरलं होतं," वैशाली म्हणाली.

"हे बाहेरचं नाही, शेजारचं आहे." मी लाडू तोडत म्हणालो. "आणि आज बरोब्बर साडेआठला पानं घेतलीत की नाही?"

पण पुऱ्या आणि लाडू जोशींच्या स्वतःच्या डब्यात आले होते. तो डबा रिकामा परत कसा द्यायचा? घरात देण्यासारखं एकच होतं. मटकी घेऊन मी चौथ्या मजल्यावर गेलो आणि बेल वाजवली.

"आम्ही गावाला गेलोय," जोशी काका आतून म्हणाले.

डबा दारातच ठेवून मी हसत खाली आलो. हसत होतो तोवर वैशाली म्हणाली, "ही तिसरी वेळ आहे."

"कसली?"

"बढतीची. एकदा कळव्याची शाखा देत होते, ऋचा लहान होती तेव्हा. मग ठाण्याची, ती दहावीला होती तेव्हा. दोन्ही नाकारल्या."

"मला बोलली नाहीस कधी."

"बोलले होते. तुम्ही म्हणालात, बघ बाई तुला झेपतंय का. आणि मग म्हणालात, भाजीत मीठ कमी आहे."

मला लाज वाटली. खोटं कशाला बोलू, चांगलीच वाटली. मला आठवतही नव्हतं. त्या दिवशी मी पहिल्यांदा ठरवलं की शुक्रवारचं जेवण खरंच नीट करायचं. तिने हो म्हणून कळवलं पाहिजे.

शुक्रवारी संध्याकाळी बाहेर उरलेलं गाठोडं सोडलं. मटकी चिकट झाली होती आणि असा वास येत होता की ऋचाने खिडक्या उघडल्या. सगळी टाकून दिली. फ्रिजमधली डोशांत आणि जोशींच्या डब्यात संपली होती. पावणेआठ झाले होते. कणीक मळायला घेतली, ती हाताला चिकटली ती सुटेना. शेवटी हात धुतले, कापडी पिशवी घेतली, पोळी-भाजी केंद्राच्या दिशेने लिफ्टपर्यंत गेलो. लिफ्ट उघडली. आत म्हात्रे वहिनी, हातात माझा मोठा डबा.

"भाऊजी, तुमचा डबा राहिला होता."

डब्यात उसळ होती. भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण, वर तर्री, शेजारी केळीच्या पानात तांदळाच्या भाकऱ्या. साडेआठला पानं तयार. मी पहिला घास घेतला आणि माझा सगळा आठवडा डोळ्यांसमोरून गेला.

"याला म्हणतात उसळ," मी वैशालीला म्हणालो. "कडधान्यच उत्तम प्रतीचं आहे. विचारून घे वहिनींना, कुठून आणलं."

वैशालीने आपल्या ताटातून दोन बोटांनी काहीतरी उचललं आणि माझ्या ताटाच्या कडेला ठेवलं. जरीचा धागा होता. माझ्या उपरण्याचा.

ऋचा हसून हसून खुर्चीवरून घसरली. मी उरलेली भाकरी खाली मान घालून खाल्ली. (दोन खाल्ल्या. उसळ चांगलीच होती.)

शनिवारी सकाळी वैशालीने ऑफिसला फोन केला आणि हो म्हणाली.

"पण मला तर जमलं नाही," मी म्हणालो.

"माहीत आहे. म्हणून मी काल जेवण झाल्यावर खाली जाऊन वहिनींशी बोलून आले. सहाव्या मजल्यावरच्या दोन मुलांना त्या रोज डबा देतात. आता आपला तिसरा."

"मग मी काय करायचं?"

"डबा आणायचा. धुवायचा. परत न्यायचा. वेळेवर."

याला आता तीन महिने झाले. वैशाली घोडबंदरहून साडेआठला येते आणि तिला गरम जेवण मिळतं. ते झटपट असतं, स्वस्त असतं आणि पौष्टिकही असतं, मी म्हटलंच होतं. डबा धुण्यात माझीही प्रगती आहे. पहिल्या आठवड्यात वहिनींनी तो दोनदा परत पाठवला होता, झाकणाच्या खाचेत तेल राहिलं म्हणून. आता मी अख्खा डबा झाकणासकट वीस मिनिटांत धुतो.

सुरुवातीला एकदा रिवाज म्हणून त्यात मी स्वतः केलेले पोहे भरून नेले होते. वहिनींनी झाकण उघडलं, बंद केलं आणि डबा माझ्या हातात परत दिला.

"भाऊजी, तुम्ही रिकामाच आणत जा. मी सगळ्या बिल्डिंगला विचारलंय. तुमचा चालेल."