काकूच्या हातचा बर्गर

महडच्या वरदविनायकापुढे उभं राहून एका संकष्टीला मी जे मागितलं, ते सांगताना आजही मान खाली जाते. मी म्हटलं होतं, "गणराया, माझ्या पोरीचं मन तिच्या काकूवरून उडू दे." बाहेर चपला घालताना वाटलं, असलं मागणाऱ्या बाईकडे देव तरी कशाला बघेल?

मी रसायनीच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते. सकाळी सातला बस, घरी परतायला साडेसहा. नवऱ्याच्या पाळ्या बदलत्या. खालापूरला आमचं आणि धाकट्या दिराचं घर एकाच भिंतीला लागून आहे. जाऊबाई रूपाली घरीच असते, तिला मूल नाही. शाळा सुटली की माझी नऊ वर्षांची सई तिच्याकडे. खरं तर उपकारच. पण मी वरणभात वाढला की सई ताट सरकवायची. "काकूने बर्गर केलेला. तुला नाय येत तसा." भिंतीपलीकडून दोघींचं हसू ऐकू आलं की माझी तव्यावरची पोळी करपायची. एकदा सईला ताप चढला. मी उशाशी बसलेली, आणि ग्लानीत तिने हाक मारली ती काकूला. त्या दिवशी आतून काहीतरी पेटलं ते विझेना. मी सईला शाळेनंतर शिकवणीच्या बाईंकडे बसवायला लागले. रूपालीला सांगितलं, अभ्यास बुडतो. ती एवढंच म्हणाली, "बरं, ताई."

चौथ्या दिवशी ठरवलं, आज बर्गर मीच करणार. बसमधून उतरून चौकातल्या बेकरीत गेले. बर्गरचे गोल पाव संपले होते. बेकरीवाल्या चाचींनी मला जरा निरखून पाहिलं आणि फळीखालून एक पाकीट काढलं.

"तू रूपालीची जाव ना? हे तिच्यासाठी ठेवते मी. चार दिस आली नाय गं ती. बरी हाय ना? सांगायची, घरात पोर येते, तिच्यासाठी नेते. तूच घेऊन जा."

पाकीट घेतलं, पण मन काही वळलं नाही. उलट वाटलं, हिने बेकरीवालीलाही आपलंसं केलं! घरी येऊन पदर खोचला. बटाटे, मटार उकडले, आलं-मिरची वाटून घातली. सई ओट्याशी उभी राहून बघत होती. पहिली टिक्की तव्यावर टाकली, उलटताना फुटली. दुसरीही फुटली. तिसरी टाकली आणि शेगडीची आच निळी, बारीक होत विझली. गॅस संपला होता. दुसरं सिलिंडर अजून यायचं होतं.

सईने फुटलेल्या टिक्कीचा तुकडा उचलून तोंडात टाकला, तेच जास्त लागलं. मी देव्हाऱ्यासमोर जाऊन बसले. भांडायलाच बसले होते, पण तोंडून निघालं भलतंच. "देवा, मी जळते रे तिच्यावर. मला हे सहन होत नाय. तूच बघ आता." इतक्या वर्षांत देवापुढे मी पहिल्यांदा खरं बोलले होते. रडून झाल्यावर सारणाचं पातेलं आणि पावाचं पाकीट उचललं, सईचा हात धरला आणि शेजारचं दार वाजवलं.

रूपालीने दार उघडलं. डोळे सुजलेले.

"गॅस संपला गं. आणि टिक्क्या फुटतायत."

तिने पातेल्यात बोट घालून पाहिलं. "बटाटे गरमच मळलेत तुमी, ताई. पाणी सुटलंय. थांबा, पोहे घालू."

मूठभर पोहे भिजवून, पिळून तिने सारणात कुस्करले. मी टिक्क्या थापल्या, तिने भाजल्या. सईने कांद्या-टोमॅटोच्या चकत्या लावल्या. पाव उलटता उलटता रूपाली हळूच म्हणाली, "मला वाटलं, आता तुमी पोरीला पाठवणारच नाय. मला तर हेवा वाटायचा तुमचा. इथे कितीही खाऊ घाला, सहा वाजले की ती दारात जाऊन उभी राहायची, आईची बस आली का बघायला."

मला हे कधीच कुणी सांगितलं नव्हतं. मी तिचा हात धरला, सारणासकट.

याला कुणी चमत्कार म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण ज्या दाराशी जायचं मी टाळत होते, तिथवर गणरायाने मला आणलं, याबद्दल मी त्याची ऋणी आहे. मत्सर पुरता गेला असंही नाही. तो उठला की आता लपवत नाही, देवाच्या पायाशी नेऊन ठेवते. त्या संध्याकाळी आम्ही तिघी जमिनीवर बसून जेवलो. बर्गर कसा झाला, हे सईला विचारायचं जिभेवर आलं होतं. मी विचारलं नाही. ती आमच्या दोघींच्या मधे बसून खात होती.